एक बोट, दोन बोटं

एक बोट म्हणजे वेगाचा चेंडू, दोन म्हणजे वळणारा.
एवढीच आमची भाषा.
मी उकिडवा, बोटं मांड्यांमधल्या अंधारात,
आणि साठ फुटांवर एल्मर कोस्केला,
तांब्याच्या खाणीतल्या फिनिश बापाचा डावखुरा पोरगा,
मान हलवायचा: नाही.

दुसरी खूण दिली की पुन्हा नाही.
टोलीडोच्या त्या उन्हाळ्यात, एक्केचाळीस साली,
माझं पहिलं सांगणं त्यानं कधी ऐकलंच नाही.
मी तावातावानं चालत जायचो, शिव्या द्यायचो.
तो तंबाखू थुंकून म्हणायचा,
"हात कुणाचा आहे, वॉल्ट?"

मग सरकारी पाकीट आलं. दोघांनाही.
माझे तळवे सपाट, डॉक्टरनं मला दारातूनच परत पाठवलं.
चार उन्हाळे मी उरलेल्यांचे चेंडू झेलले:
चाळिशीतले, दम्याचे, एका कानानं बहिरे,
आणि एक सतरा वर्षांचं पोर,
सामना संपला की आईला फोन लावणारं.

शेहेचाळीसच्या मार्चमध्ये तो आला.
सगळ्यांनी हाताचं विचारलं. वार्ताहरांनी, मालकानं;
मालकाच्या बायकोनं तर दंड दाबून पाहिला.
हात शाबूत होता.
डाव्या पायाची दोन बोटं बेल्जियमच्या बर्फात राहिली होती,
ते कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
मोजे काढताना मला दिसलं.

पण ते नव्हे.
पहिल्या सामन्यात मी एक बोट दाखवलं.
हो.
दोन. हो.
पुन्हा दोन. हो.
नऊच्या नऊ डाव तो मान डोलवत राहिला,
सांगतील तिकडे जायचं,
पुढे काय आहे ते विचारायचं नाही,
एवढंच कुठेतरी शिकून आल्यासारखा.

आकड्यांच्या पुस्तकात त्याच्या नावासमोर
एक्केचाळीसच्या खाली लगेच शेहेचाळीस आहे.
मधे केसाइतकी फट. तीही छपाईची.

जूनमध्ये मी मुद्दाम चुकलो.
समोरचा फलंदाज वळत्या चेंडूवरच पोट भरायचा,
साऱ्या लीगला ठाऊक. दोन माणसं बेसवर.
मी दोन बोटं काढली आणि थांबलो.
नाही म्हण, एल्मर.
एकदा नाही म्हण, मी चालत येतो,
आईवरून शिव्या देतो.

त्यानं मान डोलावली.

चेंडू कुंपणापलीकडे गेला तेव्हा
सगळं मैदान वळून तिकडे बघत होतं.
तो माझ्याकडे बघत होता,
पुढच्या खुणेसाठी.