अठ्ठावीस कप्पे

लाल त्रिकोण पेटला तेव्हा मी तूल नदीच्या पुलावर होते.
पहाटेचे साडेपाच, उणे एकतीस,
रात्रपाळी संपलेली,
हातांना अजून प्रसूतिगृहाच्या साबणाचा वास.
मागच्या सीटजवळचा पंखा घरघरू लागला,
जसा एखादा म्हातारा झोपेत कुणाशी तरी भांडतो.

चुलूनचं गॅरेज म्हणजे दोन कंटेनर आणि मध्ये ताडपत्री.
त्यानं सीट उचलली, झाकण काढलं,
अठ्ठावीस कप्पे. एकेकाला मीटरचं टोक लावून विचारत गेला,
मी विचारते तसंच:
कळ कधी आली, किती वेळानं येते.
"सहावा, अकरावा, एकोणिसावा. हे तिघं गेले.
बाकीचे त्यांचं ओढतायत, म्हणून तेही दमलेत."

नवी बॅटरी पंचेचाळीस लाख तुग्रिक.
गाडी विकली तर चाळीस, तेही गिऱ्हाईक आंधळं असेल तर.
भाऊ म्हणाला, चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
भावाकडे कोंबडीही नाही, तो माझीच गाडी मागून नेतो.
मुलगी इंचॉनहून फोनवर:
"आई, भंगारात दे. मी पैसे पाठवते.
साधी पेट्रोलची घे, डाव्या स्टिअरिंगची."

डाव्या स्टिअरिंगचं तिनं उगाच नाही काढलं.
आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं चालतात
आणि ही जपानहून आलेली, हिचं चाकही उजवीकडे.
पुढे ट्रक असला की मला दिसतं ते फक्त त्याचं ढुंगण.
डाव्या सीटवरच्यानं मान काढायची आणि सांगायचं:
थांब.
थांब.
आता!
सात वर्षं हे काम झुंदुईनं केलं, आणि चोख केलं.
हल्ली तो दारखानला दुसऱ्या कुणाला तरी "आता" म्हणतो.
तेव्हापासून मी ट्रकच्या मागेच असते.
पोचते. बाळं कधी थांबतात,
कधी नाही थांबत.

चुलूननं पंख्याची जाळी उघडून माझ्यासमोर धरली.
अकरा हिवाळ्यांचा बोळा:
नमद्याचे तंतू, कोळशाची काजळी, कुत्र्याचे केस,
मुलीच्या शाळेतल्या लाल रिबिनीचा धागा,
आणि एक करडा केस, तो कुणाचा ते मी ओळखलं
आणि बोलले नाही.
"याच्यामुळेच गुदमरली," तो म्हणाला.
मी म्हटलं, "हं."

"तिघंच बदलले तर?"
"जुन्यात जुने घालीन, ठोकलेल्या गाडीतले.
साडेचार लाख. एक हिवाळा निघेल, फार तर दोन.
पण हमी देत नाही."
हमी मीही आजवर कुणाला दिलेली नाही.
तेवीस वर्षं दारातल्या माणसांना एवढंच सांगत आले:
चहा पिऊन या, मग बघू.
मी चहा प्यायला गेले.
मीठ घातलेला, दुधाळ, दोन वाट्या.
दुसरी वाटी अर्धी असतानाच उठले, परत आले, म्हटलं, घाल.

दुपारी चावी फिरवली तर आवाजच नाही.
वाटलं, मेली.
मग गाडी नुसती सरकली, शेजारच्या साखळीतल्या कुत्र्यानं
मानसुद्धा वर केली नाही.
आणि ती बाई बोलली, रोज बोलते ते,
एकच जपानी वाक्य, मऊ, जरासं खालच्या पट्टीत.
चुलूनचा पोरगा तुमेन नागोयात दोन वर्षं राहून आलाय. तो हसला.
"काय म्हणते, माहीत आहे का?"
मी कधी विचारलंच नव्हतं. प्रवास सुखाचा होवो,
असंच काहीतरी धरून चालले होते.
"म्हणते, कार्ड घातलेलं नाही. तिकडच्या टोलनाक्याचं."

अकरा वर्षं.
रोज पहाटे मी तिला वर मान करून "तुलाही" म्हणत होते.

मेलेले तीन कप्पे पिशवीत घालून डाव्या सीटवर ठेवले,
भंगारवाला वाटेवरच आहे.
पुलाच्या अलीकडे कोळशाचा ट्रक आडवा आला.
मी मागेच राहिले.
संध्याकाळी पुन्हा चावी फिरवली,
पुन्हा तीच बाई, तेच वाक्य.
"नाहीच घातलेलं," मी म्हटलं, "चल."