उणे वीस

शारजा म्हटलं की आमच्या म्हसवडात अजून
लोकांना षटकारच आठवतो.
मी इथं हवा सांभाळतो.
म्हणजे खाडीकाठच्या संग्रहालयात
दर दोन तासांनी काटा बघतो, वहीत लिहितो:
बाहेर त्रेचाळीस, चिकचिक.
आत एकवीस. ओल पन्नास टक्के.
अकरा वर्षं झाली. हवा कुणाला दिसत नाही,
त्यामुळं मीही.

ऑगस्टात नारिनहून सहा पेट्या आल्या.
नारिन किर्गिझांच्या डोंगरात आहे,
हे मला पेटीवरच्या चिठ्ठीनं शिकवलं.
सोबत बुरुलचाबाई,
तिथल्या जिल्हा संग्रहालयाच्या प्रमुख.
प्रमुख म्हणजे किल्ल्या त्यांच्याकडे,
आणि झाडूही.

पहिलं झाकण निघालं तसा वास आला.
मेंढराचा, धुराचा,
तळाशी ताकासारखं काही आंबलेलं.
मी हातमोजे घालायचे विसरलो.
वडलांच्या मागाखाली हाच वास बसलेला असायचा,
वर चिंचोक्यांच्या खळीचा एक थर,
तेवढाच फरक.

नियम असा, की लोकर आली की आधी गोठवायची.
उणे वीस, चौदा दिवस. कसर मरते, तिची अंडी मरतात.
तळघरातला आमचा फ्रीझर पूर्वी मासळीवाल्याचा होता,
हे त्यांना सांगितलं नाही.
दोघांनी मिळून तो जाड नमदा गुंडाळला,
तान्हं दुसऱ्याच्या हातात द्यावं तसा आत दिला.
दार लागलं आणि बाई हसत सुटल्या.
मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, आमच्याकडं हे जानेवारी करतो.
बर्फात पालथा घालायचा, काठीनं झोडपायचा, झालं.
पैसे मागत नाही.

पंधराव्या दिवशी टेबलावर उलगडला.
लालात काळी शिंगं, काळ्यात लाल.
मेंढ्याची, मी न विचारता ओळखली.
त्यांनी बोटानं हवेत सुरी चालवून दाखवली:
दोन रंगांचे नमदे एकावर एक,
काप एकदाच.
याच्यातलं शिंग त्याच्यात बसवायचं,
त्याच्यातलं याच्यात.
चिंधीभरही वाया जात नाही.
एका कापात दोन होतात.

मग याचा जोडीदार?

धाकट्या जावेकडं, म्हणाल्या.
जमिनीवर असतो. पोरं त्यावर जेवतात,
करडू आजारी पडलं तर तेही त्यावरच.
मधोमध निखाऱ्यानं भोक पडलंय.
सांगताना त्या काचेच्या पेटीकडं बघत होत्या,
ज्यात हा आता चार महिने झोपणार,
पाय न लागता.

तंबूचा लाकडी मुकुटही आलाय. तुंदुक म्हणतात.
धूर बाहेर जावा, आभाळ आत यावं म्हणून ते गोल भोक.
आम्ही टांगला तर बरोबर त्याच्या वर
धुराची सूचना देणारं यंत्र निघालं,
लाल डोळा मिचकावणारं.
हलवता येईना. नियम.
बुरुलचाबाई खालून बराच वेळ बघत राहिल्या,
मग म्हणाल्या, तारा आहे असं समजू.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी अहवाल भरला.
स्थिती: चांगली.
कीड: नाही.
गहाळ भाग, या रकान्यापाशी पेन थांबलं.
मग रशियनमध्ये दोनच ओळी.
संध्याकाळी लेबनॉनच्या आमच्या मॅडमनी भाषांतर मागवलं,
वाचलं, चष्मा काढला,
पुन्हा वाचलं:
अर्धा.
वापरात आहे.

हे खोडायचं का, त्यांनी मला विचारलं.
मला, हवेच्या माणसाला.
मी म्हणालो, मॅडम, ओल पन्नास टक्के आहे.
त्यांनी सही केली.

रात्री रोल्यातल्या खोलीवर आलो.
एसी सोळावर, सहा जणांत एकच रिमोट.
माझं घोंगडं कोळिकोडच्या शमसूनं
डोक्यावरून ओढलं होतं,
आणि एका टोकाला त्याच्या चहाचा
नवा, अजून ओला डाग.
ओढून घेणार होतो.
नुसता काठ चाचपला, सवयीनं,
जिथं वडलांनी गाठ मारलीय,
आणि शर्ट घालूनच आडवा झालो.