वरच्या सोळाशेवर

फळ्यावर लिहिलं:
सायकल सव्वीसशेची.
पहिल्या हजारावर कर शेकडा पाच,
त्याच्या वरच्या रकमेवर शेकडा बारा.
तर एकूण कर किती?

वरूडपासून अकरा किलोमीटर आत,
सातवीचा वर्ग. पटावर अठरा,
चार जण संत्र्याच्या पेट्या भरायला गेलेले.
उरलेल्यांनी सरळ बारानं गुणलं,
तीनशे बारा, आणि पेन्सिली खाली.
जितेशनं तर पाच न् बारा जोडून
सतराच टक्के केले.
सरकारलाही सुचलं नसतं.

मी हजाराखाली एक रेघ मारली,
परत समजावलं,
परत तीच चौदा तोंडं.

मग आचल धुर्वे उठली मागून.
'सर, माय मोहफुलं मोजते तसंच न हे?
आधी पायली भरते काठोकाठ,
उरलं ते निराळं मोजते.
पायलीतलं पुन्हा नाही मोजत.'

खडू दिला तिच्या हाती.
हजाराचे पन्नास.
सोळाशेचे...
इथं ती थांबली, ओठ हलले,
बाराचा पाढा सोळापर्यंत
बोटांवरून उतरून आला:
एकशे ब्याण्णव.
दोनशे बेचाळीस, सर.

बरोबर, म्हटलं. बस.

ती बसेना.
'अन् दुकानवाल्यानं तीनशे बाराच लावले त?'

पुस्तकाच्या मागे याचं उत्तर नव्हतं.
'भांडायचं,' मी म्हणालो.
वर्ग हसला.
तिनं मात्र वहीत, उत्तराच्या खाली,
समास सोडून नीट लिहून घेतलं:
भांडण = ७० रुपये.