खांदा

पित्ताशय काढलं काल.
चार भोकं. एक बेंबीत,
बाकीची मुंगी चावल्याएवढी.
पोट गप्प आहे.
ओरडतोय तो उजवा खांदा,
ज्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

"वायू आहे," अन्थूला म्हणाली, उशी सारखी करता करता.
"आत दिसावं म्हणून पोट फुगवतात,
मग सोडतात, पण थोडा मागे राहतोच.
छातीखालच्या पडद्याला टोचत बसतो.
पडदा आणि खांदा, दोघांची नस एकाच घरची, थेमेलिना-काकू,
मेंदू फसतो."
म्हणजे आग एका घरात
आणि बंब भलत्याच दारात.

वायू.
कालिम्नोसवर आमच्या पिढीत
हा शब्द कुणी जेवताना काढत नसे.

माझे वडील साकेलारिस. समुद्रतळातून स्पंज काढायचे,
डोक्यावर पितळी टोप, मागे रबरी नळी,
सहा सहा महिने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर.
एका वर्षी घाईने वर आले.
मी सात वर्षांची. धक्क्यावर मला उचललं नाही त्यांनी.
डाव्या हातात उजवा हात धरून उतरले,
कुणी दुसऱ्याचं मूल सांभाळायला दिल्यासारखा.
पुढे बावीस वर्षं
भिंतीला खांदा टेकून झोपले.
आई मिठाची पुरचुंडी तव्यावर शेकत राहिली.
मला वाटायचं, बाबा कुरकुरे आहेत.

रात्री दोनला गोळी उतरली.
आडवी पडले की बरं, बसले की सुरी.
शेजारच्या खाटेवरून काल्योपी म्हणाली, ढेकर दे, जाईल.
"ढेकर देऊन जाणारा नव्हे हा," अन्थूला म्हणाली,
गरम पाण्याची पिशवी खांद्यावर ठेवली, पुदिन्याचा चहा दिला.
"चाला थोडं. रक्त त्याला हळूहळू उचलतं,
श्वासातून बाहेर सोडतं.
दोन दिवस, फार तर तीन."

दोन दिवस!
मी हसले. टाके ओढले गेले.

सलाईनचा खांब धरून चालले,
लिफ्टपर्यंत, परत,
मग पुन्हा लिफ्टपर्यंत.
आमच्या लग्नांत पुरुष एक नाच करतात,
हातात काठी, गुडघे थरथरते,
पंगू पाणबुड्याचा.
पाहुणे टाळ्या वाजवतात.
आई तेव्हा उठून स्वयंपाकघरात जायची.
खांबाची चाकं करकरत होती
आणि मला तिचं उठून जाणं ऐकू येत होतं.

बाबांना नेताना मला खांदा देऊ दिला नव्हता.
पुरुष पुरेसे आहेत, म्हणाले.

आज तिसरा दिवस.
कळ कधी गेली, कळलंच नाही.
हात वर केला, कपाटापर्यंत पोचला.
काल्योपी म्हणाली, सुटलीस.
हो म्हणाले,
आणि पिशवी तरी पुन्हा भरून घेतली,
दुखत नसलेल्या खांद्यावर ठेवली
थोडा वेळ.