शेपटीचं माप

लेंड्या आल्या प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवीवर बेदाण्याचं चित्र.
मायव्वानं गाठ सोडली. "गरम हायत्या, आत्ताच धरल्या."
मेंढी बाहेर, जतच्या दवाखान्याच्या पायरीला बांधलेली,
जबड्याखाली पाणी उतरून लोंबलेलं.
पापणी उलटली तर आत नुसता कागद.

खलात चुरडायचं, मिठाच्या दाट पाण्यात कालवायचं, गाळायचं.
चोथा खाली बसतो, अंडी वर येतात.
मीठ समोरच्या दुकानातलं, आमटीतलंच.

मग काचेवर पाळी घालायची,
डावीकडून उजवीकडे, बांधाला वळायचं, परत.
मुजावर सर म्हणायचे,
गोल दिसलं की हुरळू नको,
काळी जाड कड म्हणजे हवेचा बुडबुडा.
पहिल्या वर्षी मी सूर्यफुलाच्या परागाला
काटेरी अंडं म्हणून नोंदवलं होतं.
रजिस्टरात त्यांची लाल रेघ अजून आहे.

हे मात्र बुडबुडे नव्हेत.
लांबट, पातळ कवचाचे, आत पेशींचा घोस,
छाटणीनंतर बागेत पहिल्यांदा दिसतो तसा.
एकतीस. गुणिले पन्नास.

"बगू?"
एक डोळा तळहातानं झाकून मायव्वा वाकली.
"केस दिसतोय."
तिचीच पापणी. सगळ्यांना आधी तीच दिसते.
मग बराच वेळ गप्प.
"ह्येच पितंय व्हय रगत?"
हे नाही. याची आई.
"मग आईला बगा की."

आई मेंढीच्या पोटात.
आणि अंड्यावरून तिचं नाव लागत नाही,
त्या भावकीत सगळ्यांची अंडी सारखीच.
वजनाचा अंदाज घेऊन औषध पाजलं.
उरलेल्या लेंड्या बरणीत, ओलसर, खिडकीत,
सात दिवस.

आठव्या दिवशी बरणीच्या आतल्या दवात
अळ्या चढलेल्या.
जुनी कात सुटली तरी या ती उतरवत नाहीत,
तिच्यातच वळवळत राहतात.
आयोडीनचा थेंब सोडला.
तांबूस झाल्या, थांबल्या.
शेपूट संपते तिथून कात संपते तिथपर्यंत माप घेतलं:
मध्यम, टोकाला जराशी मुरड.
तोच. लाल-पांढऱ्या पिळाचा.

मायव्वानं दिलेला नंबर
माडग्याळच्या पिठाच्या गिरणीचा निघाला.
"मेंढरं परवाच हलली, नदीकडं गेली असतील.
काय निरोप ठिवू?"
म्हटलं, सांगा, हिमॉन्कस निघाला.
"कोन निघाला?
मोठ्यानं बोला, गिरणी चालू हाय."