न्हाणीचं दार

न्हाणीचं दार खालून फुगलं, पापुद्रे सुटले.
वैजूने फायबरचं बसवून घेतलं
आणि जुनं भंगारात जायच्या आत
मी ते हॉलमध्ये भिंतीला टेकवलं.
"आता हेपण?" ती म्हणाली.
म्हणणारच.
याआधी दोन माठ झाले, लोणच्याची बरणी झाली,
सांडपाण्याचा सहा इंची पाइप झाला.
माठात प्रत्येक गायक विहिरीत पडलेला,
पाइपात सगळ्यांना सर्दी.

दिवाळे गावचा काथोड होड्या दुरुस्त करतो.
त्याने दारात दोन भोकं पाडली,
एक आठ इंची, एक चार,
तुर्भ्याच्या भंगारातल्या दोन स्पीकरांसाठी.
(मोठा कुठल्याशा मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा,
धाकट्याचा कागद मी नेलपॉलिशने सांधलाय.)
"आनि पेटी?"
पेटी नाहीच. पाठ उघडी.
"मंग आवाज पलून नाय जानार?"
जाईल थोडा. कागद पुढे ढकलतो
तेव्हाच मागे ओढतो,
दोन्ही लाटा कडेला भेटतात, एकमेकींना गिळतात;
म्हणून तर दार हवं, रुंद,
मागचीला वळसा लांब पडावा.
काथोडने नुसती मान हलवली.
खाडीवरच्या माणसाला
लाटेचं आणखी काय सांगायचं.

माझ्याकडे एक कॅसेट आहे,
नौपाड्यातल्या कुणाच्या तरी घरची बैठक.
गाणं सुरू व्हायच्या आधी, तबला लावताना,
कुणीतरी खोकतं.
वीस वर्षं मी प्रत्येक स्पीकर
त्या खोकल्यावर पारखतोय.
माठातून तो म्हातारा होता.
वाशीच्या शोरूममध्ये, लाखाच्या पेट्यांतून,
इतका स्वच्छ, की आजारीच वाटेना.

रात्री अकराला पंखा बंद केला.
दार भिंतीपासून हातभर पुढे घेतलं,
वायर टॉवेलच्या हुकात अडकवली.
तानपुरा आला तो दारातून नाही,
दाराच्याही मागून,
जिथे आमची भिंत संपून
कुरियनांचं कपाट सुरू होतं तिथून.
हातोडीचा ठोका. शाईवर बोट. पुन्हा ठोका.
मग खोकला.

बाई होती.
वीस वर्षं मी तिला पुरुष समजत होतो.
पदर तोंडाशी घट्ट धरलेला,
आणि मागोमाग, अगदी बारीक,
दोन काचेच्या बांगड्या.
दाबत होती बिचारी,
सगळी बैठक वळून बघेल म्हणून.

आतून वैजू, अर्धवट झोपेत:
"कुणाला ठसका लागलाय?
पाणी द्या ना."

मी कॅसेट थांबवली.
गाणं त्या रात्री ऐकलंच नाही.
उठलो, पेला भरला,
आणि भरल्यावर कळेना कुठे ठेवायचा.
शेवटी दाराच्या पायाशी ठेवला,
पापुद्रे सुटलेत तिथे.

खर्ज अजून कमी पडतो.
ते उद्या बघू.