अकरावी खुर्ची

एसिखाला सगळा स्पेन तवा म्हणतो.
आम्ही तव्यावर राहतो, म्हणून कशाला हात लावायचा
आणि कशाला नाही, हे पक्कं ठाऊक असतं.
दुपारी दाराची कडी नाही. गाडीच्या पट्ट्याचं बक्कल तर नाहीच.
कुत्र्याला फिरवायच्या आधी
फरशीला हाताची मागची बाजू लावून सात मोजायचे.
टिकला नाही हात,
तर तिस्कोही घरात, मीही घरात.

मी बेनिग्नो. कुलूपवाला.

सकाळी नऊला झडपा खाली येतात
आणि गल्ली डोळे मिटून घेते,
आळसानं नव्हे, हिशेबानं.
आत प्रुदेन्सिया टोमॅटो, काकडी, लसूण, कालचा पाव
मिक्सरमध्ये फिरवते.
थंडगार गास्पाचोचा पेला हातात देते आणि समोर उभी राहते,
संपेपर्यंत.
कट्ट्यावर मातीचा बोतिखो घाम गाळत बसलेला.
ओठ न लावता वरून धार सोडायची.
नीकासियो नऊ वर्षांचा, त्याची धार अजून नाकात जाते.
मुद्दाम जाते, असं माझं मत आहे.

सहाला पालिकेचा तलाव.
जेवून दोन तास झाल्याशिवाय पाण्यात पाय नाही,
हे डॉक्टर म्हणोत न म्हणोत, एउलालिया म्हणते.
ती गुडघाभर पाण्यात, झगा मुठीत धरून,
डोकी मोजत उभी.
सहा. पाच. पाच.
"पाच!" असं ती ओरडते
तेव्हा जीवरक्षकही उठून उभा राहतो.
मग पाण्याखालून सहावं हसत वर येतं
आणि भिजण्याआधीच चापट खातं.

अंधार पडला की भिंती दिवसभराचं ऊन
व्याजासकट परत करू लागतात.
घरात बसवत नाही. दहाला खुर्च्या बाहेर.
गावात अकरा मनोरे, गल्लीत अकरा खुर्च्या,
असं कासिमिरो दर वर्षी म्हणतो
आणि दर वर्षी आम्ही पहिल्यांदाच ऐकतो.
टरबूज, सूर्यफुलाच्या बिया, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं,
कुणाचा पंखा रात्री करकरतो.
कोपऱ्यावरून वाऱ्याची एक बारीक दोरी येते,
तिथे माझी जागा. चौदा वर्षांपासून.

त्या रात्री कासिमिरो बोलता बोलता थांबला.
"दहाच आहेत."

फुएनसांताच्या झडपा खाली होत्या,
तशा सगळ्यांच्याच होत्या.
बेल. पुन्हा बेल. मग मुठी.
कुलपात आतून किल्ली होती,
म्हणजे बाहेरच्या कुठल्याच किल्लीचा उपयोग नव्हता.
लोकांची कुलपं मी हळुवार उघडतो, तो माझा धंदा.
हे मी फोडलं.

ती स्वयंपाकघरात फरशीवर.
पंखा बंद. विजेचं बिल फ्रिजवर, चुंबकाखाली,
आकडा लाल शाईनं गोल केलेला.
मला ओळखलं नाही तिनं. नवऱ्याच्या नावानं हाक मारली.
प्रुदेन्सियानं ११२ लावला,
एउलालियानं टॉवेल भिजवले: मानेला, काखेत, जांघेत.
कासिमिरो, ज्यानं उभ्या जन्मात घरात काडी इकडची तिकडे केली नाही,
तो गुडघ्यांवर बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होता
आणि रडत होता, हे मी पाहिलं नाही.
"सावकाश," गाडीतून आलेली पोरगी म्हणाली,
"तासभर उशीर झाला असता तर…"
आणि तिनं वाक्य तिथेच सोडलं,
आम्हीही उचललं नाही.

चार दिवसांनी ती परत आली.
कुलपाचे पैसे देणार नाही म्हणाली,
मोडणाऱ्यानंच बसवावं.
मी बसवलं. तीन किल्ल्या केल्या.
तिनं एक स्वतःला ठेवली, एक एउलालियाला दिली,
तिसरीकडे बराच वेळ बघत राहिली,
मग माझ्याच खिशात घातली,
जणू माझ्यावरच उपकार.

त्या रात्री मी खुर्ची घेऊन बाहेर आलो
तर कोपऱ्यावर, वाऱ्याच्या दोरीखाली
फुएनसांता.
हातात पंखा, मांडीवर बियांची पुडी.
"ही जागा माझी आहे," मी म्हणालो.
"होती," ती म्हणाली.

कासिमिरो मोजत होता.